मोठ्या कंपन्या खरोखर एखाद्या देशाचं सरकार ताब्यात घेऊ शकतात का?

तुम्ही विचारलंय की बलाढ्य कंपनी सरकारच गिळून टाकते हे फक्त सिनेमात होतं, की प्रत्यक्षातही शक्य आहे. पुण्यात बसून हा प्रश्न वाचताना जरा हसू आलं. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. ज्या ईस्ट इंडिया कंपनीसाठी ते लागलं तिची कचेरी लंडनच्या लीडनहॉल स्ट्रीटवर होती. तिथे संचालक मंडळ होतं, भागधारकांच्या सभा होत होत्या, लाभांश वाटला जात होता. तेव्हा होतं का, तर होऊन गेलंय, आणि आपल्याच गावात. कसं होतं, हे मात्र सिनेमावाले बहुतेक वेळा चुकीचं दाखवतात.

मी इतिहासकार नाही. एका कारखान्याच्या परचेस खात्यात पुरवठादारांचे करार तपासणं हे माझं काम. त्यामुळे शाळेत नुसता सनावळीपुरता पाठ केलेला वसईचा तह मोठेपणी कलमवार वाचला, तेव्हा तो भलताच ओळखीचा वाटला.

२५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला तो शेवटी वसईला, इंग्रजांच्या आसऱ्याला. तिथे ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने सही केली. (योगायोग म्हणजे कंपनीला पहिली सनद मिळाली तीही ३१ डिसेंबरलाच, १६०० साली.) आता कलमं बघा. कंपनीने सहा हजारांहून कमी नाही इतकं पायदळ, तोफखान्यासह, पेशव्याला कायमचं पुरवायचं. त्याच्या खर्चापोटी पेशव्याने वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय देशांची माणसं चाकरीत ठेवायची नाहीत. दुसऱ्या राज्यांशी बोलणी कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाहीत. निजाम आणि गायकवाड यांच्याशी जे देण्याघेण्याचे वाद आहेत, त्यांचा निवाडाही कंपनीच करणार.

माझ्या टेबलावर असा करार आला तर मी पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहीन: मुदत नाही, बाहेर पडायची वाट नाही, पैसे आगाऊ, दुसरा पुरवठादार बघायला बंदी, आणि लवाद कोण, तर पुरवठादार स्वतः! पण बाजीराव वाटाघाटीला बसला होता तो राजधानी हातची गेलेली असताना. अडला हरी.

गादी मात्र कोणी काढून घेतली नाही. उलट कंपनीच्याच फौजेने त्याला १८०३ मध्ये पुण्यात आणून परत गादीवर बसवलं. पुढची चौदा वर्षं तो पेशवाच होता. १८१७ मध्ये त्याने करार मोडायचा प्रयत्न केला, खडकीला हरला, आणि जून १८१८ मध्ये कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला. मग सालीना आठ लाखांचं पेन्शन आणि मुक्काम कानपूरजवळ बिठूरला. आमच्याकडे याला व्हीआरएस म्हणतात.

बंगालमध्ये हाच धडा आधी गिरवून झाला होता. प्लासी १७५७ ची, पण माझ्या मते खरी तारीख १२ ऑगस्ट १७६५. त्या दिवशी अलाहाबादला बादशहा शाह आलमने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, कंपनीला दिला. बदल्यात बादशहाला वर्षाला २६ लाख. हा आकडा इथेही भेटतो, का कोण जाणे. नवाब जागेवरच राहिला. शाळेच्या पुस्तकात याला ‘दुहेरी राज्यव्यवस्था’ म्हणतात आणि दोन मार्कांचा प्रश्न विचारून सोडून देतात. तिचा अर्थ असा की वसुलीची वही कंपनीकडे आणि लोकांच्या शिव्या नवाबाला. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसं लाखांनी मेली, तरी पुढच्याच वर्षीची वसुली दुष्काळाआधीच्या वसुलीच्याही वर गेली, आणि ती सक्तीने वर ठेवली गेली असं कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज यानेच १७७२ मध्ये लंडनला कळवलं. जमा-खर्च बघणाऱ्याला तो आकडा चांगलाच दिसला असणार.

गंमत पुढे आहे. एवढा मुलूख हातात येऊनही १७७२ मध्ये कंपनीचे हात तंगले. फौजेचा खर्च, साहेबांची खाबुगिरी, फुगवलेला लाभांश, गोदामात पडून राहिलेला चहा. शेवटी तिला ब्रिटिश सरकारपुढेच हात पसरावे लागले. १७७३ मध्ये १४ लाख पौंडांचं कर्ज मिळालं आणि त्यासोबत गळ्यात रेग्युलेटिंग ॲक्टचा, म्हणजे सरकारी देखरेखीच्या कायद्याचा, पट्टाही आला. कितीतरी खासदारांकडे कंपनीचे शेअर होते, त्यामुळे हा पट्टा बरीच वर्षं सैलच राहिला. म्हणजे बघा, सरकार चालवणं हा कंपनीला परवडणारा धंदा नव्हताच. रस्ते, न्याय, दुष्काळ हे सगळं अंगावर येतं. तिला हवी असते वसुली आणि सही. खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं तिच्या सोयीचंच असतं.

‘ही जुनी गोष्ट झाली’ असं म्हणाल तर ग्वाटेमाला बघा. तिथे युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीकडे अफाट जमीन होती, शिवाय रेल्वे आणि अटलांटिक किनाऱ्याचं मुख्य बंदरही तिच्याच मुठीत. राष्ट्राध्यक्ष आर्बेन्झ यांनी १९५२ च्या कायद्याने पडीक जमीन भूमिहीनांना वाटायला घेतली आणि कंपनीला भरपाई देऊ केली. किती? तर कर वाचवण्यासाठी कंपनीने स्वतःच कागदोपत्री जी किंमत लावली होती, तेवढीच. (या युक्तीला मी मनातून दाद देतो.) १९५४ मध्ये सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेने घडवलेल्या उठावात आर्बेन्झ गेले. फक्त केळ्यांसाठी गेले असं मी म्हणणार नाही, शीतयुद्धाची भीती होतीच. पण कंपनीने स्वतः बंदूक उचलली नाही हे ध्यानात घ्या. मोठ्या सरकारचे कान भरले आणि छोटं सरकार पाडून घेतलं.

आणि आपलं एन्रॉन? या अमेरिकन ऊर्जा कंपनीचा दाभोळचा वीज प्रकल्प, गुहागर तालुक्यात. १९९३ च्या करारात वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचेच असं होतं. दर डॉलरशी बांधलेला, वर राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू म्हणत १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. त्याने करार रद्दही केला. मग फेरवाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन बाहेर आला, २,०१५ चा २,१८४ मेगावॉट. दिल्लीतल्या वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता प्रतिहमीला मंजुरी दिली, तो किस्सा जुन्या मंडळींना आठवत असेल. मतदारांनी सरकार बदललं, पण करार काही केल्या सुटला नाही. २००१ मध्ये वीज मंडळाने हात वर केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन स्वतःच्या खोट्या हिशेबांपायी दिवाळखोरीत गेली. तिला आपण बुडवलं नाही, ती आपणहून बुडाली.

तेव्हा आजच्या कुठल्या कंपनीने लाखोंची फौज घेऊन मंत्रालयावर चाल करावी, ही काळजी मी करत नाही. वर्तमानपत्रात करार झाल्याची बातमी येते तेव्हा फोटोतल्या हस्तांदोलनाऐवजी मी चार गोष्टी शोधतो: मुदत किती, हमी कोणाची, वाद कुठे सुटणार, आणि करार जनतेला वाचायला मिळणार का. चौथ्याचं उत्तर ‘व्यापारी गोपनीयता’ असं आलं की मला वसई आठवते.

आता, ईस्ट इंडिया कंपनीचं शेवटी काय झालं? १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापार बंद झाला. १८५८ मध्ये राज्यकारभारही राणीकडे गेला. पण १८३३ लाच ठरलं होतं की भागधारकांना दर साल साडेदहा टक्के लाभांश मिळत राहील, आणि तोही हिंदुस्थानच्या महसुलातून. ना धंदा, ना राज्य, तरी लाभांश चालूच. कंपनी विसर्जित झाली १ जून १८७४ ला. तोवर पुण्या-साताऱ्याच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातला वाटा लंडनच्या भागधारकांकडे जात होता.