नाल काढल्यापासून घोडी खडीवर कचरते. पुन्हा नाल मारू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळ मळ्यावर सात वर्षांची मारवाडी घोडी आहे. चार वर्षं सलग नाल होते. दहा दिवसांपूर्वी पुढचे दोन काढले, मागचे अजून आहेत. शेतात ती नीट चालते, पण पाणंदीवरच्या खडीवर कचरते. खुराक रोज तीन किलो गव्हाचा भुसा (कोंडा), किलोभर भिजवलेला हरभरा, गुळाचा खडा आणि ऊसतोड सुरू झाल्यापासून वाडं (उसाचे हिरवे शेंडे) खाईल तेवढं. नालबंद म्हणतो, आजच नाल मारा, नाहीतर पाय जातील.

नाल लगेच मारू नका, आणि तिला खडीवर चालवूही नका. खडीवर दुखण्याचं निम्मं कारण तुम्ही लिहिलेल्या खुराकातच आहे, म्हणून कानस हातात घ्यायच्या आधी गव्हाण बघा.

खुराची भिंत आतल्या हाडाला असंख्य बारीक पापुद्र्यांनी चिकटलेली असते. साखर आणि पिष्ट जास्त गेलं की घोड्याच्या रक्तात इन्सुलिन वाढतं आणि हे पापुद्रे ताणले जातात. प्रमाण थोडं असलं तर घोडा उघड लंगडत नाही, फक्त तळवा हुळहुळा होतो. नालामुळे तळवा जमिनीपासून उचललेला राहतो, त्यामुळे हे वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही. नाल काढला की पहिल्या दगडावर कळतं, आणि दोष नाल काढण्यावर जातो. आपल्याकडची खरी अडचण अशी की नाल काढायला उत्तम काळ पावसाळा सरल्यावरचा, आणि नेमका तेव्हाच वाडं आणि नवा गूळ मळ्यावर मुबलक येतो.

आजच दोन गोष्टी तपासा. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोट ठेवून नाडी बघा. निरोगी पायात ही नाडी शोधावी लागते. बोटाखाली ठणठण उडत असेल आणि खूर गरम असतील, तर पुढचं काही न करता पशुवैद्यकाला बोलवा आणि खुरांचा एक्स-रे काढून घ्या. नाडी शांत असेल तर पाय उचलून तळवा ब्रशने स्वच्छ करा आणि मधला रबरासारखा त्रिकोणी भाग, म्हणजे फ्रॉग, त्याचं पुढचं टोक शोधा. त्याच्या दोन्ही अंगांना खोबणी असते. तळव्याच्या कडेवर पट्टी आडवी ठेवा, काडेपेटीतली काडी खोबणीत उभी धरा आणि पट्टीपर्यंत किती बुडते ते मोजा. 15 ते 18 मिमी बुडली तर तळवा पुरेसा जाड आहे. 10 च्या आत असेल तर तळवा पातळ आहे, आणि त्या घोडीला खडीवर दुखणारच. खोबणीचा तळ आतल्या हाडापासून साधारण ठरलेल्या अंतरावर असतो, म्हणून हे माप भरवशाचं. दर महिन्याला घेऊन वहीत लिहा.

आता खुराक. आधी वजन काढा. छातीचा घेर सेंमीमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले 11877. घेर 165 आणि लांबी 150 असेल तर सुमारे 344 किलो. या वजनाला रोज 5 ते 7 किलो सुकी वैरण लागते, म्हणजे वजनाच्या दीड ते दोन टक्के. दीडच्या खाली नेऊ नका. उपाशी ठेवून बारीक केलेल्या घोड्याच्या रक्तात चरबी उतरते आणि ते जिवावर बेतू शकतं.

वैरणीचा पाया माळाचं वाळलं गवत असू द्या, मारवेल किंवा पवन्या मिळाला तर उत्तम. कडबा चालतो, पण ज्वारीच्या ताटात गोडवा असतो. कुट्टी तासभर भरपूर पाण्यात भिजवा, निथळा आणि ते पाणी फेकून द्या. भिजवलेली कुट्टी उन्हात ठेवू नका, आंबते. हिरवी कोवळी ज्वारी अजिबात नको, तिच्यात विषारी द्रव्य असतं. पिंजर (भाताचा पेंढा) तोंड चालतं ठेवायला थोडं घाला, पण त्यावर खूर घडत नाही. हत्तीघासावर भर असेल तर तो कमी करा. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. भुशात तर फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास दहापट असतो. दोन्ही मिळून घोडी हाडातलं कॅल्शियम वापरू लागते. म्हणून भुसा बंद, आणि रोज तीन-चार किलो हिरवा लसूणघास. वाडं आणि गूळ पूर्ण बंद. हरभरा जास्तीत जास्त दोन मुठी, तोही औषध मिसळायला. घोडी नुसती मळ्यावर उभी असेल तर तिला एवढ्या दाण्याची गरजच नाही. हा बदल 10 ते 14 दिवसांत टप्प्याटप्प्याने करा, एकदम केलात तर पोटशूळ उठेल.

यावर रोज 25 ग्रॅम साधं मीठ आणि 60 ग्रॅम जवस, ताजं भरडून. खुराला झिंक आणि तांबं लागतं, आणि आपल्या वैरणीत ही दोन्ही सहसा कमी पडतात. 350 किलोच्या घोडीला वरून साधारण 300 मिग्रॅ झिंक आणि 100 मिग्रॅ तांबं धरा. पशुखाद्य दर्जाचं झिंक सल्फेट (सात रेणू पाणी असलेलं) घेतलं तर सुमारे 1.3 ग्रॅम, आणि कॉपर सल्फेट (पाच रेणू पाण्याचं) 0.4 ग्रॅम. सोनाराकडे असतो तसा बारीक काटा वापरा, चमच्याचा अंदाज नको, आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवा. हे मिश्रण मेंढ्यांच्या तोंडी लागू देऊ नका, त्यांना तांबं लवकर बाधतं. बायोटिन हे जीवनसत्त्व रोज 15 ते 20 मिग्रॅ, किमान नऊ महिने. ते फक्त नव्याने वाढणाऱ्या खुरात उतरतं. जुना खूर कशानेही सुधारत नाही, तो खाली उतरून झिजून जावा लागतो.

एक कळकळीची विनंती: गाई-म्हशींची तयार गोळीपेंड घोडीला घालू नका. काही गोळीपेंडीत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय थोड्याशा मात्रेनेही बंद पडू शकतं.

नालबंदाशी बोलताना एकच आग्रह धरा: तळव्याला सुरी लावायची नाही. तळवा खरवडून पांढरा, गुळगुळीत दिसला की काम नीट झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. पण त्या खरवडण्यात गेलेले दोन-तीन मिलिमीटर परत यायला महिने लागतात. फ्रॉगचे फक्त लोंबते, सडके तुकडे काढायचे. भिंत तळव्याच्या पातळीपेक्षा दोन मिमी लांब ठेवायची, त्याहून कमी नाही. मग बाहेरच्या कडेला कानशीने 45 अंशाचा उतार देऊन धार गोल करायची, म्हणजे भिंत फुटत नाही आणि भिंत आणि तळवा यांच्यामधल्या ताणलेल्या पांढऱ्या रेघेवर जोर येत नाही. निरोगी रेघ तीन-चार मिमीची, घट्ट असते. पुढे फावड्यासारखं पसरलेलं टोक मागे घ्यायचं. टाच एका दमात खाली घालायची नाही, दर वेळी थोडी. कानस दर चार आठवड्यांनी फिरवा, दोन महिन्यांनी एकदम नाही.

मागचे नाल पुढचे पाय सावरेपर्यंत राहू द्या. वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे नंतर नाल काढल्यावर मागचे पाय सहसा सहज निभावतात. काढताना प्रत्येक खिळ्याचं वळवलेलं टोक आधी कानशीने घासून काढा, मग पकडीने नाल टाचेकडून सैल करत मध्याकडे ओढा. आडवा पिरगाळलात तर भिंतीचा तुकडा निघतो. धनुर्वाताची लस झालेली नसेल तर याआधी टोचून घ्या, घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

चालवणं: पहिले दोन आठवडे हाताने धरून, मऊ मातीत, दिवसातून दोनदा 10–15 मिनिटं. मग गुळगुळीत डांबरी रस्ता. तो खडीपेक्षा कितीतरी सुखाचा असतो आणि खूर घट्ट करतो. सहाव्या आठवड्यापासून मुरूम, खडी सगळ्यात शेवटी. प्रगती बघायला मोबाइल जमिनीवर ठेवून स्लो मोशनमध्ये बाजूने चित्रण करा. टाच आधी टेकायला हवी. टोक आधी टेकत असेल तर टाचेत अजून दुखतंय, वेळ कमी करा. अधल्यामधल्या दिवसांसाठी खुराचे बूट मिळतात, पण तासल्यानंतर लांबी-रुंदी मिमीमध्ये मोजूनच मागवा. तोवर चपलांच्या सामानाच्या दुकानातली 12 मिमी ईव्हीए (फोमसारखी मऊ) शीट खुराच्या आकारात कापा, तळव्याला लावून वरून गॉज आणि डक्ट टेप गुंडाळा. टेप वरच्या केसांच्या कडेवर चढवू नका, रोज सोडून बघा.

खूर महिन्याला 6 ते 10 मिमी वाढतो. खिळ्यांची भोकं तीन-चार महिन्यांत खाली उतरून संपतात, पूर्ण नवा खूर यायला नऊ ते बारा महिने लागतात. पण खुराक जमला की नाही हे तिसऱ्या महिन्यातच दिसतं: केसांच्या कडेखालचे वरचे दोन सेंमी बाकीच्या भिंतीपेक्षा उभ्या कोनात, गुळगुळीत उतरू लागतात. तिथे आडव्या वळ्या येत असतील, आणि त्या टाचेकडे रुंद होत असतील, तर अजून कुठून तरी गोड जातंय. वाडं टाकणारा गडी किंवा प्रेमाने गूळ भरवणारं घरातलं कोणी, आधी तिथे चौकशी करा.

वरातीत रात्र-रात्र डांबरावर नाचणाऱ्या किंवा गाडीला जुंपून रोज लांब पळणाऱ्या घोड्याला मी अनवाणी ठेवायला सांगणार नाही. तिथे झीज वाढीच्या पुढे जाते. तुमची घोडी तशी नाही.

आणि एकाच पायावर अचानक, वजनच न टाकण्याइतकी लंगडली, तर तो आत पू झाल्याचा संशय धरा. वाट न बघता डॉक्टर बोलवा.

जूनच्या आत एक काम उरकून ठेवा. तिच्या उभं राहण्याच्या जागेत 15 सेंमी मुरूम दाबून, पाणी बाहेर पडेल असा उतार द्या आणि वर नदीतली गोल बारीक गोटी पसरा, क्रशरची टोकदार खडी नको. काळ्या मातीच्या चिखलात आणि मुतात उभ्या राहिलेल्या घोडीचा फ्रॉग सडतो, घाण वास येतो, मधली भेग खोल जाते. रोज कोरून, कोरडं करून 100 ग्रॅम झिंक ऑक्साइड मलमात 5 ग्रॅम मोरचुदाची बारीक पूड मिसळून त्या भेगेत कापसाने भरा. जळकं ऑइल, फिनेल, फॉर्मॅलिन यांतलं काहीही लावू नका, जिवंत भाग भाजतो आणि भेग आतून वाढत राहते.