दोन बिस्किटी आणि एक कोटा फरशी

प्रश्न : हॉल रंगवायचाय. शेडकार्डावरचे दोन बिस्किटी रंग आवडलेत, एक किंचित पिवळट, दुसरा किंचित गुलाबीसर. यजमान म्हणतात पहिला, मुलगी म्हणते दुसरा, आणि रंगारी म्हणतो, "ताई, भिंतीवर दोन्ही सेमच दिसणार." खिडक्या उत्तरेला, खाली जुनी कोटा फरशी, रात्री पांढरी ट्यूब. कुठला घेऊ? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रंगाऱ्याचं ऐकू नका. ताई, मी ही चूक आईच्या घरी करून बसले आहे. तिच्याकडेही कोटाच. मी मोठ्या हौसेनं गुलाबी झाक असलेला बदामी निवडला. कार्डावर अगदी सायीसारखा दिसत होता. दोन हात मारून झाले, संध्याकाळी ट्यूब लावली, आणि भिंत म्हणजे थेट कॅलामाइन लोशन! घामोळ्यांवर लावतो ना, तेच. आई काही बोलली नाही. पण पाहुणे आले की दिवे लावायला उशीर करायची.

झालं काय, तर कोटा मुळात हिरवट. हिरव्याशेजारी गुलाबी आलं की ते आणखीच गुलाबी दिसतं, डोळ्याची खोडच आहे ती. म्हणून तुम्ही पिवळटच घ्या. उत्तरेकडून मे ते जुलै सोडले तर थेट ऊन फारसं येत नाही, उजेड निळसर असतो. त्यात ही झाक जरा ऊब आणते. ट्यूब मात्र बदला. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर) ट्यूबखाली कुठलाही बिस्किटी मरगळतो. ४००० ची लावा.

खात्री करायची तर दोन्हींचे छोटे डबे आणा आणि दोन-दोन फुटी पांढऱ्या पुठ्ठ्यांवर दोन हात मारा, कडेला चार बोटं पांढरं सोडून. जुन्या भिंतीवर पट्टे ओढू नका, आजूबाजूचा जुना रंग फसवतो. पूर्ण वाळू द्या. मग पुठ्ठे फरशीवर उभे टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. टेबलावर आडवे ठेवून बघण्यात अर्थ नाही, भिंत काही आडवी नसते.

आणि डबे एकदमच घ्या. मशीनवर मिसळलेला रंग दुसऱ्यांदा आणला की एकोणीस-वीस होतोच. सगळे डबे एका बादलीत एकत्र करून मगच लावायला सांगा. रंगारी कुरकुरेल, कुरकुरू दे.