भावाच्या मेंदूची आवाजाची तपासणी: त्यात बायपोलर दिसेल का?

ताई, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. भावाचं बायपोलरचं (मूड कधी खूप चढतो, म्हणजे मॅनिया, तर कधी नैराश्यात खूप उतरतो, असा आजार) निदान होऊन दोन वर्षं झाली, सध्या तो स्थिर आहे आणि एका संशोधनासाठी त्याला कानात आवाज सोडून मेंदूचं चित्रण करायला बोलावलंय. यातून आजार पक्का कळेल का? मूडच्या आजाराचा आवाजाशी संबंध काय? आणि मॅनियात त्याला पंख्याची घरघरसुद्धा सोसवत नव्हती, ते या तपासणीत दिसेल का?

पहिल्याचं उत्तर: नाही. कुठल्याही चित्रणावरून एका माणसाचं बायपोलरचं निदान आज होत नाही. कोणी तसा रिपोर्ट देतो म्हणालं तर पैसे देऊ नका.

मी डॉक्टर नाही. सतरा वर्षं हे निदान बाळगून आहे आणि अशा दोन प्रयोगांत बसलोय, एकदा ईईजीच्या (डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज मोजतात) आणि एकदा एमईजीच्या (मेंदूचं चुंबकीय क्षेत्र बाहेरून मोजतात). तेव्हापासून या विषयावरचं हाताला लागेल ते वाचत आलोय.

सगळ्यात जुना प्रयोग असा. खुर्चीत बसवतात, कानात आवाज येईल अशी सोय करतात आणि सांगतात, काहीही करू नका. मग टक्... टक्. मध्ये अर्धा सेकंद. नंतर आठ-दहा सेकंद शांतता. पुन्हा टक्... टक्. असं शंभरेक वेळा. सुरुवातीला मी टक् मोजत होतो, मग पुढची जोडी कधी येईल याचे अंदाज बांधले, मग डुलकी लागली आणि तंत्रज्ञाने स्पीकरवरून हाक मारली. एवढ्या वेळा ऐकवतात, कारण एका टक्‌ला मेंदू देतो ते उत्तर इतकं बारीक असतं की मेंदूच्या बाकीच्या गलबल्यात हरवून जातं. शंभर उत्तरांची सरासरी काढली की गलबला विरतो आणि एक छोटा उंचवटा उरतो, आवाजानंतर साधारण 50 मिलिसेकंदांनी. ईईजीत त्याला पी-50 म्हणतात, एमईजीत एम-50. त्याच्या मागोमाग 100 मिलिसेकंदांच्या आसपास आणखी मोठा एक येतो.

गंमत दुसऱ्या टक्‌मध्ये आहे. बहुतेकांचा मेंदू पहिल्याला जेवढा उठतो तेवढा दुसऱ्याला उठत नाही. जणू तो म्हणतो, हे आत्ताच ऐकलं, त्यात नवं काही नाही, सोडून द्या. या सोडून देण्याला सेन्सरी गेटिंग म्हणतात. 1982 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या गटाने दाखवलं की स्किझोफ्रेनियात (भास-भ्रम होणारा वेगळा मानसिक आजार) दुसरा उंचवटा पुरेसा दबत नाही. लगोलग त्याच मंडळींनी मॅनियातल्या रुग्णांकडे पाहिलं. तिथेही तो दबत नव्हता, पण मॅनिया उतरल्यावर बराचसा पूर्वपदावर आला. म्हणजे बायपोलरमध्ये हा मूडबरोबर येणारा-जाणारा बदल, असा समज झाला. पुढे चित्र गुंतागुंतीचं झालं. मूड स्थिर असतानाही काही बायपोलर रुग्णांत गेटिंग कमी आढळलं, आणि ज्यांना कधीतरी सायकोसिस, म्हणजे भास किंवा भ्रम, होऊन गेलेत त्यांच्यात जास्त. त्यामुळे भावाला विचारतील, 'कधी आवाज ऐकू यायचे का? कोणी मागावर आहे असं वाटायचं का?' ती चौकशी उगाच नाही. त्यावरून त्याला कोणत्या गटात मोजायचं ते ठरतं.

आता माझा एक आक्षेप. हे गेटिंग भागाकाराने मोजतात: दुसरा उंचवटा भागिले पहिला. समजा एकाचा पहिला 4 आणि दुसरा 1, म्हणजे 25 टक्के. दुसऱ्या माणसाचा पहिला 2 आणि दुसरा 1, म्हणजे 50 टक्के. कागदावर दुसऱ्याचं गेटिंग वाईट. पण दुसऱ्या टक्‌ला दोघांचे मेंदू सारखेच वागले! कमी पडला तो पहिला प्रतिसाद. 'बायपोलरमध्ये मेंदूला आवाज गाळता येत नाही' असा मथळा दिसला की मी आधी पाहतो, भागाकार दिलाय की दोन्ही आकडे वेगवेगळे. शिवाय त्याच माणसाचं मोजमाप महिन्याभराने पुन्हा घेतलं तर हा भागाकार बऱ्यापैकी हलतो. गटाच्या सरासरीला तो चालून जातो, पण एका माणसाबद्दल त्यावरून काही ठरवता येत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे 40 हर्ट्झचा. सेकंदाला चाळीस टक्. कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, एक खरखरीत गुणगुण ऐकू येते. कानशिलाच्या आत, टेम्पोरल लोबमध्ये, आवाज पहिल्यांदा पोचतो तो पट्टा त्याच ठेक्यावर चालू लागतो. बायपोलरच्या गटात हा ठेका सरासरीने क्षीण पडतो, असं 2004 मध्ये ईईजीवर आणि 2012 मध्ये जपानमध्ये एमईजीवर दाखवलं गेलं. मला हा प्रकार जास्त अर्थपूर्ण वाटतो, कारण त्यामागची यंत्रणा बरीच माहीत आहे. हा वेगवान ठेका धरायला गाबा नावाचं रसायन सोडून शेजारच्या पेशींना वेळेवर गप्प करणाऱ्या पेशी लागतात. ठेका ढिला म्हणजे ते गप्प करणं कुठेतरी ढिलं, असा तर्क आहे. मूडच्या आजारात आवाज का वाजवतात, याचं उत्तरही इथेच आहे. आजार कानात नाही. कान ते मेंदू हा रस्ता नीट माहीत असलेला आहे आणि आवाज मिलिसेकंदापर्यंत नेमका सोडता येतो, म्हणून पेशींची ही जुळणी तपासायला तो सोयीचा पडतो. पण जपानच्या त्या अभ्यासात बायपोलरचे रुग्ण पंधराच्या आतबाहेर होते. इतक्या कमी माणसांवर इमारत बांधू नये.

एफएमआरआयबद्दल (मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून चित्र काढणारं एमआरआय) थोडक्यात: ते यंत्र स्वतःच शंभर डेसिबलच्या वर ठणाणा करतं, त्यात ऐकण्याचा अभ्यास करायचा. म्हणून यंत्र थांबवून आवाज ऐकवतात आणि काही सेकंदांनी चित्र घेतात. रक्तप्रवाहातला बदल तसाही पाच-सहा सेकंद उशिरा शिगेला पोचतो, त्यामुळे ते जमतं. जागा छान कळते, वेळ नाही. भावाला गोंगाटाचा त्रास असेल तर यंत्र कुठलं आहे ते आधी विचारून घ्या.

एमईजी मात्र शांत असतं. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी दुबळं, त्यामुळे जाड दाराची, बाहेरचं चुंबकत्व अडवणारी खोली लागते. डोकं एका मोठ्या शिरस्त्राणात जातं. सलूनमधल्या केस वाळवायच्या यंत्राखाली बसल्यासारखं वाटतं. आतले सेन्सर द्रवरूप हेलियममध्ये उणे 269 अंशांवर असतात, पण डोक्याला गारवा लागत नाही. साधा हेडफोन चालत नाही, त्याचंही चुंबकत्व असतं. आवाज प्लास्टिकच्या नळीतून येतो. पट्टा, चेन, घड्याळ सगळं काढून ठेवतात. माझ्या वेळी सगळं काढूनही पडद्यावरची रेघ नाचत होती. शेवटी पँटच्या झिपवर बोट गेलं आणि मला त्यांचा पायजमा घालून बसावं लागलं.

पंख्याच्या घरघरीचं म्हणाल, तर मॅनियात आवाज टोचणं हा खरा अनुभव आहे, मीही घेतलाय. एकदा शेजारच्या खोलीतलं घड्याळ मी उठून कपाटात कोंडलं होतं. पण असं टोचणं आणि पी-50 यांचं नातं सरळ नाही. ज्याला आवाज सोसवत नाहीत त्याचं गेटिंग चांगलं निघू शकतं आणि उलटही. त्यातून भाऊ आत्ता स्थिर असताना मोजणार. आकडा ठीक आला म्हणून 'तेव्हा तू नाटक करत होतास' असं घरात कोणी म्हणू नये, एवढं बघा.

निदानाच्या बाबतीत अजून एक. अमेरिकेतल्या बी-स्निप या मोठ्या प्रकल्पाने सायकोसिस झालेले बायपोलर, स्किझोअफेक्टिव्ह (मूडची आणि स्किझोफ्रेनियाची लक्षणं एकत्र असलेला आजार) आणि स्किझोफ्रेनियाचे रुग्ण एकत्र घेऊन आवाजाच्या व इतर चाचण्या केल्या. 2016 मध्ये त्यांनी मांडलं की मोजमापांवरून तीन गट पडतात, पण ते तीन निदानांशी जुळत नाहीत. प्रत्येक गटात तिन्ही निदानांची माणसं होती. म्हणून मी वर इतकं ठामपणे 'नाही' म्हटलं.

आता जायच्या आधीचं. प्रयोगासाठी औषध स्वतःहून बंद करायचं नाही, डोस पुढे-मागेही करायचा नाही. जे चालू आहे ते लिहून न्या. रात्रभर जागून या असं सांगितलं (काही ईईजींना सांगतात) तर आधी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा, कारण जागरणाने मॅनिया सुरू होऊ शकतो. माझा एक झटका तसाच सुरू झाला होता. सिगारेट ओढत असेल तर शेवटची कधी ओढली ते खरं सांगू दे, निकोटिनने गेटिंग तात्पुरतं सुधारतं. तो कार्बामाझेपिन (मूड स्थिर ठेवायला देतात ते एक औषध) घेत असेल आणि गाणी उतरलेली वाटतात म्हणत असेल तर तेही सांगा. या औषधाने काही लोकांना स्वर अर्ध्या सुराने खाली ऐकू येतात, औषध थांबल्यावर ते परत जागेवर येतात. तयार कानाच्या माणसांच्या हे चटकन लक्षात येतं, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

संमतीपत्रात दोन ओळी शोधा: मधेच उठून जायची मुभा आहे का, आणि चित्रणात अनपेक्षित काही दिसलं तर कळवणार का. कुठला प्रयोग आहे ते कळलं की इथे सांगा. टक्-टक् असेल तर आदल्या रात्री नीट झोपून जायला सांगा, नाहीतर माझ्यासारखा घोरेल.