बेसमेंटमधला जुना, वरून झाकण उघडणारा अमेरिकन डिशवॉशर कोणत्या सालचा?

आधी मोटरजवळची पितळी पाटी शोधा, तळाशी असते बहुतेक, ओल्या फडक्याने हळूच पुसा, घासू नका हां, अक्षरं जातात. पाटीवर पेटंटच्या नुसत्या तारखा असतील तर मशीन बहुधा १९२७ च्या आधीचं, कारण त्या साली अमेरिकेत कायदा बदलला आणि तारखेऐवजी नंबर छापायला लागले. नंबर २० लाखांच्या पुढचा असेल तर १९३५ किंवा नंतरचं. सगळ्यात मोठा पेटंट नंबर धरा, मशीन त्या पेटंटच्या सालाआधीचं असूच शकत नाही. वॉकर नाव दिसलं तर भारीच, ती कंपनी १९३० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकने घेतली. आणि प्लीज, प्लग लावून बघू नका, कापडी वायरीतलं रबर पार भुगा झालेलं असतं!