जुन्या जे-४५ चा सनबर्स्ट: नव्याने रंगवायचा का?

मामांनी अमेरिकेत घेतलेली गिब्सन कंपनीची जे-४५ गिटार, तिच्या सनबर्स्टवर (मधे फिकट, कडेला गडद होत जाणारा रंग) बारीक भेगा पडल्यात आणि फर्निचर पॉलिशवाला 'नवा रंग मारून देतो' म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्याला गिटारला हात लावू देऊ नका. मूळ रंग गेला की जुन्या गिटारची किंमत बरेचदा निम्म्यावर येते.

जे-४५ १९४२ मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझूच्या कारखान्यात सुरू झाली. युद्धामुळे चांगलं लाकूड मिळेना. काही गिटारींचा स्प्रूस लाकडाचा टॉप, म्हणजे पुढची फळी, तर चार तुकडे जोडून केलाय. लाकडातले दोष झाकायला सनबर्स्ट आला, असं सर्रास सांगतात. युद्धकाळापुरतं ते पटतं, पण गिब्सनच्या १९२० च्या दशकातल्या मँडोलिनवरही सनबर्स्ट होताच, तोही हाताने चोळून केलेला. म्हणजे लपवाछपवीच्या आधीपासूनची ती हौस.

तुमच्या गिटारवर आधी पिवळा, मग कडेने तपकिरी फवारा, वरून नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ पारदर्शक थर. बाइंडिंगवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, उडालेला रंग नंतर पात्याने खरवडून काढत. हे लॅकर वयानुसार ठिसूळ होतं, लाकूड मात्र हवेप्रमाणे फुगत-आकसत राहतं, त्यातून या भेगा. त्या लॅकरमधल्याच असतील तर घाबरू नका. लाकूडच चिरलंय का, एवढं मात्र तपासून घ्या. कडा लालसर असतील तर गिटार बहुधा साठच्या दशकातली. तो लाल रंग उन्हात उडतो.

आवाजाचा प्रश्न असेल तर रंग सोडा, आत बघा. दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च साउंडहोलमधून, म्हणजे पुढच्या गोल भोकातून, घाला. टॉपच्या खाली स्प्रूसच्या पट्ट्या इंग्रजी एक्ससारख्या एकमेकींना छेदतात. त्या मधेमधे खोलगट तासलेल्या दिसल्या तर गिटार साधारण १९५५ च्या आधीची. तसा टॉप हलका असतो आणि मोकळा वाजतो. पुढे पट्ट्या न तासता सरळ ठेवू लागले, टॉप कडक झाला. वाजवणाऱ्याने पैसे मोजावेत ते या तासलेल्या पट्ट्यांसाठी, वरच्या चकाकीसाठी नाही.

आणि हो, रबरी स्टँडवर ठेवत असाल तर आजच काढा. रबर लॅकरला चिकटून डाग पाडतं.

आतल्या पट्ट्यांचे आणि हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असतात त्या टोकावरच्या) अक्षरांचे फोटो टाका, वर्षाचा अंदाज सांगतो.