जुनं रेल्वे स्टेशन नव्याने वापरात आणलं तर आजूबाजूची वस्ती सुधारते का?

सुधारते, पण नुसती इमारत चकाचक करून नाही. अमेरिकेत डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल बघा. १९१३ साली सुरू झालं, १९८८ मध्ये शेवटची गाडी सुटली, मग तीस वर्षं फुटक्या खिडक्यांचा सांगाडा. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने ते विकत घेतलं आणि २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. आता तिथे ऑफिसं आणि स्टार्टअप आहेत. (चोरीला गेलेलं जुनं घड्याळ दरम्यान कुणीतरी निनावी फोन करून परत केलं, हे मला सगळ्यात आवडतं!) शेजारच्या कॉर्कटाउनमध्ये मात्र घरभाडं वाढायची धास्ती होतीच. म्हणून परवडणारी घरं, कौशल्य प्रशिक्षण वगैरेंसाठी १ कोटी डॉलर द्यायचं फोर्डने आधीच लेखी कबूल केलं. तुमच्याकडेही असा करार काम सुरू होण्याआधीच करून घ्या.