बॅकहँड म्हणजे डावा हात नव्हे

प्रश्न : माझी मुलगी टेनिस शिकते. तिच्या आजीला समजावताना मी 'बॅकहँड'ला 'डाव्या हाताचा फटका' म्हटलं, तर मुलगी हसत सुटली. मग मराठीत काय म्हणायचं? आणि 'बॅकहँडेड कॉम्प्लिमेंट'मध्ये कुठला फटका असतो?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हसली ते बरोबरच. डाव्या-उजव्याशी या शब्दाचं नातं नाही; हाताची कुठली बाजू पुढे आहे, त्याच्याशी आहे. आजींना असं सांगा : ताटावरची माशी आपण हाताच्या पाठीनं हाकलतो ना, तो बॅकहँड. उजव्या हातानं खेळणाऱ्याला तो डावीकडच्या चेंडूवर मारावा लागतो, म्हणून तुमचा घोटाळा झाला. डावखुऱ्या टेनिसपटू नदालचा बॅकहँड उजवीकडे असायचा. आपला प्रतिस्पर्धी, उजव्या हातानं खेळणारा फेडरर, याला नदालनं वर्षानुवर्षं छळलं ते या डावखुरेपणामुळेच. नदालच्या फोरहँडचा, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारलेल्या फटक्याचा, गरगरता चेंडू उसळून थेट फेडररच्या बॅकहँडवर यायचा, तोही खांद्याच्या उंचीला. एका हातानं तिथून जोर काढणं महाकठीण. २०१७च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या नदालविरुद्धच्या फायनलला मात्र फेडरर मागे हटला नाही. चेंडू वर चढायच्या आतच त्यानं तो बॅकहँडनं मारला आणि पाच सेटमध्ये जिंकला. मला तो एकहाती फटका फार आवडतो, पण आता तो दुर्मीळ होत चाललाय. २०२४च्या फेब्रुवारीत पुरुषांच्या पहिल्या दहा खेळाडूंत एकहाती बॅकहँडवाला एकही उरला नव्हता. १९७३ साली क्रमवारी सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं. तुमची मुलगीही बहुधा दोन्ही हातांनीच मारत असेल. म्हणजे 'डावा हात' त्यात आहेच म्हणा, पण मदतीला!

मैदानावर 'बॅकहँड'च राहू द्या. 'पृष्ठहस्त फटका' वगैरे घडवून कुणाचं भलं होणार नाही. 'आडव्या हाताचा' तर म्हणूच नका. आडव्या हातानं घेणं म्हणजे आपल्याकडे झाडाझडती.

'बॅकहँडेड कॉम्प्लिमेंट'साठी मात्र इंग्रजीच्या दारात जायची गरजच नाही. वरून कौतुक, आतून टोला. याला आपण 'शालजोडीतला' म्हणतो, आणि मला तरी तो इंग्रजीपेक्षा सरस वाटतो. इंग्रजीत नुसती हाताची पाठ, इथे चपलेला शाल गुंडाळलेली! लग्नानंतरच्या पहिल्या होळीला मी पुरणपोळ्या केल्या, तेव्हा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "फर्मास झाल्यात गं, तुझ्या हातच्या वाटतच नाहीत." मी "थँक्यू" म्हणून मोकळी झाले. टोला कळला तो भांडी घासताना.

याच घराण्यातला 'बॅकहँडर' हा ब्रिटिश बोलीतला शब्द. त्याचा एक अर्थ लाच, म्हणजे आपली 'चिरीमिरी' किंवा 'टेबलाखालचे पैसे'. 'बॅकहँड' आणि 'बॅकहँडर' यांची अदलाबदल करू नका, नाहीतर मुलीच्या कोचवर भलताच आळ यायचा.

शिवाय डावीकडे कललेल्या हस्ताक्षरालाही इंग्रजीत 'बॅकहँड' म्हणतात. हे मला एम.ए.ला शब्दकोश चाळताना सापडलं आणि केवढं बरं वाटलं! माझं अक्षर तसंच आहे. शाळेत बाई वही उंचावून विचारायच्या, "काय गं, तुझी अक्षरं लोडाला टेकून बसलीत का?"